सकलेशपूरचा घाट आणि सायकल



सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा 55 किलोमीटरचा घाट, त्यात 57 बोगदे. मीटरगेजचे ब्रॉडगेज करण्यासाठी तो 1996 मध्ये बंद झाला आणि बेंगळुरूची तरुण मंडळी रुळांवरून पायी हिंडू लागली. 2006 पासून मालगाड्या आणि 2007 पासून प्रवासी गाड्या धावत आहेत, तरी ही हौस सुटलेली नाही. आपल्या मंडळाच्या मुलांनाही सांगतो, जाऊ नका. कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहेच. पण वळणावरच्या बोगद्यात गाडी दिसेपर्यंत पळायला वेळ उरत नाही, हे जास्त महत्त्वाचे.

हौस मला समजते. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. या घाटात सर्वांत कडक चढ 50 मीटरला 1 मीटर. सायकलला तो सोपाच. स्पेनने 1993 पासून बंद रेल्वेमार्ग सायकलस्वारांना व पादचाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा 36 किलोमीटर, 30 बोगदे, आणि मोटारींना बंदी! गंमत म्हणजे त्या मार्गावर आगगाडी कधी धावलीच नाही.

आपल्याकडे खंडाळ्याचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये वापरातून गेले. पण बोरघाटाचा चढ 37 ला 1. तिथे माझ्यासारख्या चाळिशीतल्या गुडघ्यांनी आधी विचार करावा.