पीक पिवळं पडलं की धावतो, बाई पिवळी पडली तर?

आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बाया.

मागच्या खरिपातली गोष्ट सांगतो. आमच्या गटातली एक ताई निंदण करता करता धुऱ्यावर बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. आम्ही म्हटलं, "सकाळपासून पोटात काही नसेल." ती म्हणाली, "दोन भाकरी खाऊन निघाले की."

त्याच दिवसांत तिचं सोयाबीन पिवळं पडलं होतं. घरधनी दुसऱ्याच दिवशी पान घेऊन कृषी केंद्रावर गेले. ताईला मात्र उपकेंद्रात जायला तीन आठवडे लागले. दोष एकट्या घरच्यांचा नाही. "उन्हाचं होतं असं" हे आम्हीच तिला सांगितलं होतं. तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ तरी पाहिजे.

ताईनं विचारलं, "मी भाकरी खाल्ली, तर ताकद गेली कुठं?" आज तेच समजून घेऊ.

सुरुवात शेतातून करू. सोयाबीनच्या पानात हरितद्रव्य असतं. ते उन्हातली ऊर्जा पकडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांपासून पान साखर तयार करतं. उन्हाची ऊर्जा त्या साखरेत साठते. त्यातली काही झाड स्वतः वापरतं. काही मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना देतं, आणि ते त्याला हवेतला नत्र वापरण्याजोगा करून देतात. उरलेलं दाण्यात साठवतं. सोयाबीनच्या दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिनं असतात. ज्वारीच्या दाण्यात हीच शिल्लक पिठाच्या रूपात असते. म्हणजे आपण भाकरी खातो तेव्हा साठवलेलं ऊनच खातो.

आता आपलं शरीर. ते लाखो कोटी पेशींचं बनलेलं आहे. पेशीचा व्यवहार आपल्या गटासारखाच चालतो. चरबी म्हणजे मुदत ठेव. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर म्हणजे बचत खातं, गरज पडली की लवकर काढता येतं. पण बाजारात पासबुक चालत नाही, सुटे पैसे लागतात. पेशीतल्या सुट्या पैशांना एटीपी म्हणतात. हात उचलायला, श्वास घ्यायला, विचार करायलासुद्धा एटीपीच खर्च होतं. ते फार साठवून ठेवता येत नाही. म्हणून पेशी खर्च झालेलं एटीपी क्षणोक्षणी पुन्हा तयार करत राहते.

हे सुटे पैसे मिळतात कुठं? पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक भाग असतात. तिथं प्राणवायूच्या मदतीनं साखरेतली ऊर्जा मोकळी होते. साखरेच्या एका कणापासून प्राणवायू असेल तर सुमारे ३० एटीपी मिळतात. प्राणवायू नसेल तर फक्त २. साखर तेवढीच, पण हातात येणारी रक्कम केवढी कमी!

पेशीपर्यंत प्राणवायू पोचवतं रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. तंतुकणिकेतल्या कामालाही लोह लागतं. लोह कमी पडलं की खात्यात पैसे असून हातात येत नाहीत. मग हृदय जोरात धडधडतं, जिना चढताना धाप लागते, पाय गळून जातात. ताईची भाकरी पोटात होती, पण तिची ताकद पुरती वापरता येत नव्हती.

आता पिवळ्या सोयाबीनकडे या. पीक पिवळं पडायची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक लोहाची कमतरता. हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतं. आपल्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण चुनखड जास्त असली किंवा पाणी साचलं की मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. त्यावर हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी सांगतात. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीतही बहुधा फेरस सल्फेटच असतं. मात्र शेतातलं औषध कधी तोंडात घालू नका, गोळी दवाखान्यातलीच घ्या.

सोयाबीनच्या मुळावरची चांगली गाठ नखानं फोडून पाहा. आतून लालसर दिसेल. तो रंग हिमोग्लोबिनच्याच जातीच्या, लोह असलेल्या द्रव्याचा. झाडालाही लोहाशिवाय भागत नाही.

आपलंही जमिनीसारखंच होतं. पालेभाजीत, डाळीत लोह असतं, पण जेवणाबरोबर चहा घेतला की ते अंगी कमी लागतं. म्हणून चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त लागतं. भाजी लोखंडी कढईत करा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर नुसत्या आहारानं भरून निघत नाही, गोळ्या लागतात. गरोदरपणी १८० दिवस रोज एक गोळी सांगितलेली आहे. गोळीनं शौचाला काळी होते, त्याला घाबरून ती बंद करू नका. पण तपासणी आधी. विदर्भात सिकलसेलही आढळतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

ही एका ताईची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या गटात दहा जणी असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी मोजा.

आम्ही गटात एक ठरवलं आहे. मासिक बैठकीत बचतीची नोंद झाली की प्रत्येकीला विचारायचं, "रक्त कधी तपासलं?" आकडा लिहीत नाही, तो तिचा तिच्यापाशी. तारीख तेवढी लिहितो. सहा महिने झाले असतील, तर तिच्यासोबत एक जण उपकेंद्रात जाते. ती ताई आता बरी आहे. या कामात सगळ्यांच्या पुढं तीच असते.

थकवा म्हणजे आळस नव्हे, मैत्रिणींनो. पान पिवळं दिसलं की आपण लगेच उपाय शोधतो. तशीच आपल्या डोळ्याची खालची पापणी आज आरशात ओढून पाहा. आतून फिकट दिसली, तर उद्याच तपासून या.