विवाहकार्यातील छायाचित्रकाराची निवड



मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, त्या काळी ही कला मोजक्यांचीच होती. आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लहानशा मंगल कार्यालयातही ती पोहोचली आहे. तथापि छायाचित्रकार ठरविताना आपण प्रथम दर विचारतो.

आमच्या कनिष्ठ कन्येच्या विवाहात आम्हीही तेच केले. सारी छायाचित्रे एकाच कार्डावर होती; ते बिघडले आणि सर्व गेले. त्याच श्रावणात आमच्या मातोश्री निवर्तल्या. नातीवर अक्षता टाकणारा त्यांचा हात आता केवळ आमच्या स्मरणात उरला आहे.

म्हणून विनंती अशी की, निवडक दहा चित्रांवर भुलू नये; एका विवाहाचा संपूर्ण संच पाहावा. अंतरपाट दूर होताना कोठे उभे राहावे, हे ज्याला सांगावे लागत नाही, तो जाणता समजावा. चित्रे दोन ठिकाणी साठविण्याची अट, प्रत्यक्ष येणाऱ्याचे नाव व चित्रे देण्याची मुदत लेखी घ्यावी. घरातील वृद्धांची यादी आधीच त्याच्या हाती द्यावी.

दागिना मोडून पुन्हा घडविता येतो. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाचा क्षण घडविता येत नाही. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.