सियांगच्या दगडांखाली



मृगाच्या पावसात आपल्या शेतांत लाल मखमली किडे फिरतात. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो मखमली किडा त्यांच्या गोतातला नव्हे. तो राहतो अरुणाचल प्रदेशात, सियांग नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात. मऊ अंग, आखूड पायांच्या एकोणीस-वीस जोड्या, आणि डोळे मुळीच नाहीत. शास्त्रीय नाव टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनाय. दक्षिण आशियात अशा मऊ अंगाच्या मखमली किड्यांच्या गटातली आजवर सापडलेली ही एकच जात.

सियांग खोऱ्यातल्या आदी जमातीविरुद्धच्या, १९११-१२च्या आबोर मोहिमेत इंग्रजी फौजेबरोबर कलकत्त्याच्या संग्रहालयातले प्राणिशास्त्रज्ञ स्टॅनली केंप गेले होते. रोटुंग गावाजवळ दगड उलटताना त्यांना हा प्राणी मिळाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं तो कोणाच्या हाती लागला नाही. अखेर बंगळुरूच्या ‘एट्री’ या संस्थेच्या अभ्यासकांना तो सियांग खोऱ्यातच पुन्हा सापडला आणि २०२४ साली त्यांचा शोधनिबंध आला. आग्नेय आशियातल्या आपल्या भावकीपासून ही शाखा वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा अंदाज त्यांनी डीएनएवरून बांधला.

या गटातल्या प्राण्यांची शिकार बघण्यासारखी असते. रात्री भक्ष्याचा माग लागला, की तोंडाशेजारच्या दोन नळ्यांतून चिकट द्रवाच्या पिचकाऱ्या सुटतात. त्या डावी-उजवीकडे झुलत जातात आणि क्षणात भक्ष्यावर जाळं पडतं. मग दातेरी जबड्यांनी त्याचं कवच फोडायचं, आत लाळ सोडायची आणि विरघळलेलं मांस शोषून घ्यायचं. वाया गेलेला चीकही हा प्राणी खाऊन टाकतो.

पण त्याची श्वासाची छिद्रं मिटत नाहीत. हवा कोरडी झाली की अंगातलं पाणी उडून जातं. म्हणून डोक्यावर झाडांची दाट सावली आणि पायाखाली ओला पालापाचोळा हवाच. झाडं तुटली, उतार खणला, तर पळून जायला त्याच्याकडे वेगही नाही.

याच सियांगवर आता अकरा हजार मेगावॉटच्या धरणाचा प्रस्ताव आहे, आणि काठावरचे आदी जमातीचे अनेक गावकरी त्याला विरोध करत आहेत. अशा प्रकल्पाआधी पर्यावरणाची पाहणी होते. वाघ, पक्षी, मासे मोजले जातात. जो प्राणी शतकभर सापडला नाही, तो घाईच्या पाहणीत कुठून सापडणार? म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की तिथली पाहणी भर पावसाळ्यात, रात्रीही, आणि ते रान ज्यांच्या पायाखालचं आहे त्या आदी माणसांना सोबत घेऊन व्हावी. दगड उलटून बघावेत आणि होते तसे परत ठेवावेत.