पंखा फिरतोय, लाइट लागतेय, पण कॉम्प्युटर सुरूच होत नाही

आजचा भाग मोबाइलवर ऐकताय, पण विषय घरातल्या त्या मोठ्या डब्याचा आहे. डेस्कटॉपचा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं सगळं काम फोनवर चालतं, तरी बोईसर-पालघरच्या कितीतरी घरांत आणि दुकानांत एक जुना डेस्कटॉप अजून टेबलावर आहे. त्याच्यावर बिलं बनतात, टॅली चालतं, फॉर्म भरले जातात. आणि एक दिवस काय होतं? बटण दाबलं की पंखा फिरतो, लाइट लागते, पण स्क्रीन काळीच. नाहीतर कंपनीचा लोगो येतो आणि गाडी तिथेच थांबते.

मग कोणीतरी ते प्रसिद्ध वाक्य बोलतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

मंडळी, आज एकच गोष्ट पक्की करायची. कॉम्प्युटर सुरू होत नाही, याचा अर्थ आतल्या फायली गेल्या असा होत नाही. बहुतेक वेळा फायली जागच्या जागी असतात. त्या जातात आपण घाईत जे करतो त्याने.

आधी बटण दाबल्यावर आत काय होतं ते समजून घेऊ. आपल्या विरार-डहाणू लोकलसारखं बघा. गाडी डहाणू रोडहून निघाली, म्हणजे एसएमपीएसने मदरबोर्डला वीज दिली. बोईसरला आली, म्हणजे प्रोसेसर जागा झाला आणि बायोसने स्वतःची तपासणी केली: रॅम आहे का, डिस्प्ले आहे का. या तपासणीला पोस्ट म्हणतात, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. पालघरला आली, म्हणजे स्क्रीनवर लोगो दिसला. सफाळ्याला आली, म्हणजे बायोसला हार्ड डिस्क सापडली आणि तिच्यावरचा बूट मॅनेजर मिळाला. आणि विरार म्हणजे तुमचा डेस्कटॉप, तुमचे आयकॉन.

आता मला सांगा, गाडी बोईसरलाच पोचली नाही, तर तिला विरारच्या प्लॅटफॉर्मवर शोधून काय उपयोग? काळ्या स्क्रीनवर फॉरमॅट सुचवणं म्हणजे नेमकं हेच. विंडोज डिस्कवर असतं. जी गाडी रॅमपाशी अडली आहे ती डिस्कपर्यंत गेलेलीच नसते. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच: गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत आली?

दुसरा प्रश्न: काल आणि आजच्या मध्ये काय बदललं? लाइट गेली होती का? टेबल हलवलं का? नवीन रॅम टाकली का? अपडेट चालू असताना कोणी बोर्डाचं बटण बंद केलं का? आपल्याकडे तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय, पण ती वीज ग्रिडमध्ये जाते, थेट आपल्या घरात येत नाही. पावसाळ्यात लाइट ये-जा करते ती करतेच. त्यात जवळ समुद्र, दमट खारी हवा आणि एमआयडीसीची धूळ. कॅबिनेट वर्षानुवर्षं उघडलेला नसेल, तर आतल्या जोडांवर काय थर बसला असेल याचा अंदाज करा.

चला, आता पायरी पायरीने.

पहिली पायरी, काळी स्क्रीन. आधी मॉनिटरवर संशय घ्या. मॉनिटरवर "नो सिग्नल" असं काही येतंय का? येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याला फक्त चित्र मिळत नाहीये. केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा घट्ट बसवा. इनपुट बरोबर निवडलाय का बघा. आणि कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच लावा, मदरबोर्डाच्या पोर्टला नाही. सफाई केल्यानंतर हे हमखास उलटं होतं. घरात टीव्हीला एचडीएमआय असेल तर टीव्ही लावून बघा. दोन मिनिटांत मॉनिटरचा निकाल लागतो.

दुसरी पायरी, ऐका आणि बघा. काही मदरबोर्डांना छोटा स्पीकर असतो, तो बीप देतो. किती बीप, लांब की आखूड, ते फोनवर रेकॉर्ड करा. त्यांचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून मदरबोर्डाचा मॉडेल नंबर बघून त्याच्या मॅन्युअलमध्येच शोधा. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक लाइट असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जी लाइट लागून राहते, तिथे गाडी अडलीये.

तिसरी पायरी, रॅम. इथे कॅबिनेट उघडायचा आहे, म्हणून नियम ऐका. बोर्डाचं बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरते. काहीही काढण्याआधी फोनने फोटो काढा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही. आणि एसएमपीएसचा डबा कधीच उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका शिल्लक असू शकतो.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडा, पट्टी सरळ वर काढा. सोनेरी दातांवर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटकून टाका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर आणखी चांगलं. स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, फुंकरीत ओल असते. पट्टी परत बसवताना क्लिप "टक्क" वाजेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. कंटाळवाणं काम आहे, पण काळ्या स्क्रीनच्या कितीतरी केसेस इथेच सुटतात.

चौथी पायरी, वीज. "पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस ठीक आहे", हा मोठा गैरसमज. पंख्याला बारा व्होल्ट पुरतात. बोर्डाला बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन अशा वेगवेगळ्या दाबाची वीज लागते. त्यातली एक जरी नीट नसली तरी पंखा मजेत फिरतो आणि प्रोसेसर झोपलेलाच राहतो. शिवाय प्रोसेसरला वेगळी चार किंवा आठ पिनांची वायर असते, ती सैल नाही ना बघा. बोर्डावरचे छोटे गोल डबे, म्हणजे कपॅसिटर, डोक्यावर फुगलेले दिसले तर तिथे दुरुस्तीवाल्याचंच काम. एसएमपीएसवर संशय असेल तर खात्रीचा मार्ग एकच, ओळखीतल्या कोणाचा चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघणे.

पाचवी पायरी, ती नाण्यासारखी बॅटरी. नाव सीआर २०३२, तीन व्होल्टची. ती संपली की बायोसची आठवण जाते. तारीख वर्षानुवर्षं मागे जाते, बूटचा क्रम बदलतो. लोगो आल्यावर तारीख चुकीची दिसली तर हीच शंका. बॅटरी स्वस्त असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. पण थांबा. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर बायोसच्या सेटिंग बदलल्यावर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. फोनवरून लॉगिन करून आधी बघून ठेवा, मगच बायोसला हात लावा.

सहावी पायरी, लोगो येतो पण पुढे "नो बूटेबल डिव्हाइस". आनंदाची बातमी! गाडी पालघरपर्यंत आली. आता हसू नका, पण आधी सगळे पेनड्राइव्ह काढा. बायोस कधीकधी पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो. तरी नाही झालं तर चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे तुमची डिस्क यादीत दिसते का? दिसत नसेल तर सॅटा केबल आणि वीजेची वायर काढून पुन्हा लावा, केबल बदलून बघा. दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये "विंडोज बूट मॅनेजर" सगळ्यात वर आणा. आणि यूईएफआयचं लेगसी झालं असेल तर ते पूर्वी होतं तसं करा. बॅटरी संपल्यावर हा बदल आपोआप होऊ शकतो.

आता एक खरा प्रसंग सांगतो. बोईसर पूर्वेच्या एका ताईचा व्हॉइस मेसेज आला होता. तिचे बाबा एमआयडीसीत छोटे लेबर काँट्रॅक्टर. कामगारांची हजेरी, पगार, पीएफ, सगळं एकाच डेस्कटॉपमध्ये, बॅकअप कुठेच नाही. महिन्याची बारा तारीख, आणि पीएफचं चलन पंधराच्या आत भरायचं. स्क्रीन काळी. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, फॉरमॅट करून देतो." ती विचारत होती, हो म्हणू का?

नीट ऐका, या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी चिकटवल्यात. मदरबोर्ड गेला असेल तर फॉरमॅट कशाला? डिस्क वेगळी वस्तू आहे. दुसऱ्याच्या चुलीवर तुमचा डबा गरम होतो, तसं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की तुमची डिस्क वाचता येते. मी तिला एवढंच सांगितलं: डिस्क काढ, सॅटा-टू-यूएसबीची वायर आण, भावाच्या लॅपटॉपला लाव, आणि फायली कॉपी होईपर्यंत बाकी कशाला हात लावू नकोस. त्याच संध्याकाळी हजेरीची फाइल मिळाली, चलन वेळेत गेलं. कॉम्प्युटर नंतर सावकाश बघितला. एक रॅमची पट्टी खराब होती. मदरबोर्ड धडधाकट.

तिथे पणाला काय लागलं होतं बघा. कॉम्प्युटर नव्हे. पंधरा-वीस माणसांच्या नावापुढची हजेरी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी फायली, मग मशीन. एक अपवाद. डिस्कमधून टक-टक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं. तिथे डेटा रिकव्हरीवालाच गाठा.

शेवटची पायरी, विंडोजचं चक्र फिरतं आणि निळी स्क्रीन येते. गाडी सफाळ्याच्या पुढे आहे, भांडण सॉफ्टवेअरचं आहे. फायलींची कॉपी घेतली असेल तर आता विंडोजला रिकव्हरीत न्या. दोन-तीनदा बूट अर्धवट राहिलं की तो मेनू बहुतेक वेळा आपोआप येतो. स्टार्टअप रिपेअर करून बघा, नंतर शेवटचं अपडेट काढा, नंतर सेफ मोड. सगळं संपल्यावर फॉरमॅट.

हे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकतं ते जगाने १९ जुलै २०२४ ला बघितलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वीज ठीक, रॅम ठीक, डिस्क ठीक. आणि उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल उडवायची. कितीतरी ठिकाणी माणसांनी एकेका मशीनपुढे बसून हेच केलं. कोणी ८५ लाख मशीन फॉरमॅट करायला निघालं नाही. मग आपण आपलं एक मशीन का करायचं?

आता दुकानात न्यायचीच वेळ आली तर. बोईसरमध्ये दाखवा, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला न्या, तीन गोष्टी करा. एक, शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. दोन, "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "पंखा फिरतो, डिस्प्ले नाही, डीरॅमची लाइट लागते, दोन्ही रॅम आलटून पालटून बघितल्या", असं सांगा. समोरचा माणूस लगेच नीट बोलायला लागतो. तीन, बदललेला जुना पार्ट परत मागा आणि बिल घ्या. यात कोणावर अविश्वास नाही. आपण भाजी घेतानाही वजनकाट्याकडे बघतोच की.

आणि ज्यांचा कॉम्प्युटर आज व्यवस्थित चालू आहे, त्यांच्यासाठी गृहपाठ. हा भाग संपला की एक पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क घ्या, घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या फायली त्यात टाका आणि ती कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवा. बिटलॉकरची की कागदावर लिहून कपाटात ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमची गाडी कुठल्या स्टेशनवर अडलीये ते मला व्हॉइस मेसेजने कळवा. बीपचा आवाज असेल तर तोही पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कोणी फॉरमॅट म्हणालं की आधी विचारा, "का?"