उत्तर बरोबर आलं, तरी विचारा



 नागपुरातल्या या शिक्षक संमेलनात थेट एका वजाबाकीवर येतो. ५२ वजा २७. तिसरीच्या कुठल्याही वर्गात ही वजाबाकी घाला, दोन-चार वह्यांत ३५ हे उत्तर सापडेलच. आपण लाल फुली मारतो, 'हातचा घ्यायला विसरला' म्हणतो आणि पुढची वही ओढतो. पण त्या मुलाला जवळ बसवून विचारलं, की तो सांगतो, "सर, सात मोठा आहे न, मग सातातून दोन काढले. पाचातून दोन काढले." हे मूल काहीच विसरलेलं नाही. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा पहिलीत आपणच दिलेला नियम त्यानं इमानानं पाळला आहे. त्याच्या लेखी ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे नाहीत. एक पाच आहे, शेजारी एक दोन आहे, एवढंच.

आता त्याच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि सत्तावीस काड्या मागा. दोन गठ्ठे तो चटकन देतो. सात सुट्या द्यायची वेळ आली की थबकतो, तुमच्याकडे बघतो. त्या क्षणी तोंड उघडायचं नाही, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. थोडा वेळ जाऊ द्या. तो आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढेल. हातचा तो हाच. एकदा गठ्ठा त्याच्या हातून सुटला, की फळ्यावर ५ खोडून ४ का लिहायचे, हे त्याला पाठ करावं लागत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटा क्रम चालतो. आधी नियम, मग सराव, आणि काड्या काढायच्या त्या अधिकारी भेटीला आले की. शाळेला मिळालेली गणित पेटी हरवू नये म्हणून कपाटात कुलपाआड राहते, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

प्रश्न किती मोठा आहे? २०२४ च्या 'असर' या शिक्षणविषयक अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या १०० मुलांपैकी जेमतेम ३४ मुलांना अशी हातच्याची वजाबाकी जमते. २०२२ मध्ये ती २६ च्या आसपास होती. सुधारणा झाली आहे, तिचं श्रेय वर्गात राबणाऱ्या शिक्षकांचं आहे. पण उरलेली ६६ मुलं मंदबुद्धीची आहेत, असं कुणी म्हणेल का?

मुळीच म्हणता येणार नाही. बुधवारी बाजारात आईसोबत भाजीच्या दुकानावर बसणारा मुलगा पहा. सत्तावीस रुपयांची भाजी आणि हातात बावन्न रुपये, तर तो मांडणी करत बसत नाही. सत्तावीस, तीन घालून तीस, वीस घालून पन्नास, वरचे दोन; पंचवीस परत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. बाजारातले अवघड हिशेब बिनचूक करणारी मुलं पुस्तकी मांडणीपुढे अडली. आणि फक्त शाळेत शिकणारी, वहीत गणितं सोडवणारी मुलं बाजारच्या हिशेबात अडली. दोन्हीकडची मुलं शिकलेलीच होती; त्यांच्यामधला पूल बांधायचं काम शाळेचं होतं. आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, परिषद भरली, तेव्हाचा आग्रह हाच होता. टकळीवर सूत कातणारं मूल १६० तारांची एक लट, चार लटींची एक गुंडी असं मोजत गुणाकार शिके. आज टकळी आणा, असं मी म्हणणार नाही. पण त्या बाजारच्या मुलाची 'वर चढत जाण्याची' रीत फळ्यावर त्याच्या नावानिशी लिहायला काय हरकत आहे?

अडचण संख्यांच्या नावांतही आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. विधानसभेपर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे एकच गोष्ट सांगत होत्या. आपण उच्चारतो एका क्रमानं आणि लिहितो दुसऱ्या. पंचवीस ऐकलं की मुलाच्या कानावर आधी पाच पडतात. ते ५ लिहितं, मग २. एकोणतीसमध्ये तर त्याला तीसच ऐकू येतात. सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या मुलाला ही अडचण नाही, त्याच्या भाषेत आधी वीस येतात, मग एक. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस हा शब्द कुठेही जाणार नाही, जाऊही नये. पण दशक शिकवताना 'दोन दशक पाच, पंचवीस' असं दोन्ही म्हणायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.

आणि नागपुरात बोलतो आहे, तर एका विषयावर, वैदिक गणितावर, बोललंच पाहिजे. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांनी १९५३ मध्ये याच शहरात विश्व पुनर्निर्माण संघ स्थापन केला. 'वैदिक गणित' हे त्यांचं पुस्तक त्यांच्या पश्चात, १९६५ मध्ये आलं. ही सूत्रं वेदांत सापडत नाहीत, हे एस. जी. दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी दाखवून दिलं आहे आणि ते मला पटतं. मात्र त्या रीती बरोबर आहेत, सुंदर आहेत. माझी तक्रार त्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. शिकवणी वर्गात मुलाला सांगतात: नऊ आठे काढायचे, तर नऊ दहाला एकनं कमी, आठ दोननं कमी, आठातून एक गेला, सात, एक दुणे दोन, ७२. उत्तर पटकन येतं, पालक खूश होतात. का आलं, हे मुलाला ठाऊक नसतं आणि पुष्कळदा शिकवणाऱ्यालाही नसतं.

तेच चौकटीच्या वहीत करून पहा. दहा ओळी, दहा रकाने, शंभर चौकटी. आपल्याला नऊ ओळी आणि आठ रकाने हवेत. एक ओळ रंगवून टाकली, दहा गेल्या. दोन रकाने रंगवले, वीस गेल्या. शंभरातून तीस गेले, सत्तर. पण कोपऱ्यातल्या दोन चौकटींवर रंग दोनदा बसला. त्या आपण दोनदा वजा केल्या, तेव्हा एकदा परत द्यायला हव्यात. सत्तर आणि दोन, बहात्तर. कोपऱ्यातले हे दोन कुठून आले, हे ज्या मुलीनं बोट ठेवून सांगितलं, तिला ९७ गुणिले ९६ चे ९३१२ कसे होतात, ते सांगायला दुसरं सूत्र लागणार नाही. वेग येऊ द्या, जरूर येऊ द्या. पाढेही पाठ हवेतच. फक्त बोट आधी ठेवू द्या.

माझं मागणं एकच आहे. उत्तर चुकलं की आपण 'कसं काढलंस?' विचारतो, आणि त्यामुळे हा प्रश्न मुलांना धमकीसारखा वाटतो. बरोबर आलेल्या उत्तरालाही तो विचारा, रोज विचारा. आणि प्रत्येक शाळेनं वर्षभर एक वही घालावी. त्या वहीत मुलांची चुकलेली उत्तरं आणि त्यापुढे मुलानं सांगितलेलं कारण, त्याच्याच शब्दांत. वऱ्हाडी, गोंडी, हिंदी, जशी बोली असेल तशी. मुलाचं नाव नको. पुढच्या संमेलनात या वह्यांवर एक अख्खं सत्र ठेवावं, असा ठराव मी मांडतो.

दुपारसाठी एक काम देतो. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये चार अंकी संख्यांतून ६१७४ शोधली, तिची ही तीन अंकी बहीण. कुठलेही तीन वेगवेगळे अंक घ्या, समजा ५, २, १. मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा: ५२१ वजा १२५, ३९६. पुन्हा तेच: ९६३ वजा ३६९, ५९४. पुन्हा: ९५४ वजा ४५९, ४९५. पुढे ४९५ च येत राहतात. तिन्ही उत्तरांत मधला अंक ९ आहे. एककात खालचा अंक मोठा, म्हणून दशक सोडवावा लागतो; दशकात वर-खाली तोच अंक, त्यातला एक गेल्यावर शतक सोडवावं लागतं आणि नऊ उरतात. हे कारण आपण न सांगता चौथीच्या मुलांच्या तोंडून कसं येईल, कोणते प्रश्न विचारावे लागतील, किती वेळ गप्प बसावं लागेल, ते जेवणानंतर गटागटानं ठरवू. काड्या आणि रबरं मागच्या टेबलावर ठेवली आहेत.