दुभंगलेला ओठ : दोष कोणाचा?



आपल्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतला जा की सेनगावला, दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की पहिला प्रश्न आईलाच होतो : "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का?" घर हिंदूचे असो वा मुसलमानाचे, प्रश्न तोच. त्याचे उत्तर आज विज्ञानाच्या आधारे पाहू.

गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे दिवस गेल्याची खात्री पटते न पटते तोच ओठ तयार झालेला असतो. मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने तो कापला जाईल कसा? शिवाय अशी मुले ग्रहण असो वा नसो, दरवर्षी आणि सर्व देशांत जन्मतात; जगभरात सरासरी सुमारे ७०० जन्मांमागे एक.

मग हे होते कशाने? शेताचा बांध दोन टोकांकडून घालत आणावा, तसा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्यभागी जुळतो. दोन्ही टोके वेळेवर भेटली पाहिजेत. या कामाच्या सूचना जनुकांत असतात आणि ती आई व वडील या दोघांकडून येतात. प्रत्येकाच्या जनुकांत बारीक फरक असतातच. म्हणून तर सख्ख्या भावांचे नाकडोळे वेगळे. त्यांतले काही फरक हे काम संथ करतात. एकट्या फरकाने सहसा बिघडत नाही. पण असे अनेक फरक एकत्र आले, त्यात विडी-सिगारेटचा धूर, आईचा मधुमेह किंवा फिटच्या काही औषधांची भर पडली, तर फट राहू शकते. अर्थात फिटचे औषध मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

आयआरएफ-६ नावाच्या जनुकातील बिघाडाने खालच्या ओठावर खळगे असलेला एक आनुवंशिक प्रकार होतो, हे २००२ साली कळले. त्याच जनुकातील साध्या फरकाचा नेहमीच्या दुभंगाशीही संबंध असल्याचे २००४ साली दिसले. तरीही जनुके म्हणजे सर्वस्व नव्हे. हुबेहूब जुळ्यांची जनुके सारखीच. पण एकाला दुभंग असताना दुसऱ्यालाही तो आढळतो, असे सुमारे निम्म्याच जोड्यांत घडते.

आईवडील निर्दोष असून एक मूल असे झाले, तर पुढच्या मुलाला धोका साधारण शंभरात चार. म्हणजे शहाण्णव वेळा काळजीचे कारण नाही. मामा-आत्या, काका-मावशीच्या मुलांत लग्ने आपल्याकडे होतात. अशा विवाहांत धोका काहीसा वाढतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा घराण्यात असे मूल असेल तर लग्न ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

आता उपायाकडे वळू. टाळू दुभंगलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. त्याला उभे धरून चमच्याने दूध पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात. उशीर झाला की बोलणे नाकातून येते, कान फुटतात, ऐकू कमी येते. महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. शरदकुमार दीक्षित (१९३०–२०११) वर्षानुवर्षे परत येऊन हजारो मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. आशाताईंना सांगितले तरी मार्ग मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, एक काम तुमचे. वर्गातल्या मुलाच्या बोलण्याची नक्कल केली, की तो आधी गप्प बसतो आणि मग शाळा सोडतो. मुलगी असेल तर घरचेच तिला लपवतात. शस्त्रक्रियेने ओठ जुळतो. सुटलेली शाळा कोणताही डॉक्टर जोडून देत नाही. आपल्या गल्लीत असे मूल असेल तर त्याच्या आईला दोष न देता दवाखान्याची वाट दाखवा, आणि वय झाले की त्याचे नाव शाळेत घाला.