दगडापेक्षा वीट मऊ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणीसांनी मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर सूचक मंडळ, वसतिगृहाचा निधी हे आपले नेहमीचे विषय होत, आणि त्यांवर माझ्याहून जाणती माणसे बोलणारच आहेत. गेली काही वर्षे लग्नात, दहाव्याला आणि एस. टी.च्या प्रवासात जी एक तक्रार सतत माझ्या कानी पडते, तिच्याविषयी मी आज बोलणार आहे. ‘मत द्यावे तरी कोणाला?’ हीच ती तक्रार. एका वृद्ध भगिनीने मला विचारले, ‘गुरुजी, काल ह्यांनी त्यांना शिव्या दिल्या, आज दोघं एका गाडीत बसून आले. मग काल मी ज्याला मत दिलं, ते कोणाला दिलं?’ चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, पण ह्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही.

ही तक्रार आळशी माणसाची नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आपला बीड जिल्हा मतदानात मागे नाही. १३ मे २०२४ रोजी, भर उन्हाळ्यात, लोकसभेसाठी येथे सुमारे ७१ टक्के मतदान झाले. उमेदवारांची वाण होती असेही नाही. त्या निवडणुकीत बीडमध्ये ४१ उमेदवार उभे होते. एका मतदान यंत्रावर सोळाच नावे मावतात, म्हणून प्रत्येक केंद्रावर तीन तीन यंत्रे ओळीने मांडावी लागली. परंतु मोजणी झाली तेव्हा श्री. बजरंग सोनवणे यांना ६,८३,९५० आणि श्रीमती पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७ मते पडली होती. अंतर ६,५५३ मतांचे. उरलेल्या एकोणचाळीस जणांत सर्वाधिक मते मिळवणारा अपक्ष ‘तुतारी’ ह्या चिन्हावर उभा होता. त्याला पन्नास हजारांहून अधिक मते पडली, तीही ‘तुतारी वाजवणारा माणूस’ ह्या एका पक्षाच्या चिन्हाशी झालेल्या घोटाळ्यामुळे, असे म्हटले गेले.  म्हणजे एक्केचाळीस नावांतून मतदाराने खरोखर विचार केला तो दोघांचाच.

असे का होते? आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत अधिक मते, तो निवडून आला. दुसऱ्या-तिसऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. मॉरिस द्युव्हर्जे नावाच्या फ्रेंच पंडिताने १९५१ साली राजकीय पक्षांवरील आपल्या ग्रंथात असे दाखवले, की अशा पद्धतीत लढत हळूहळू दोघांवर येऊन ठेपते, कारण तिसरा कितीही चांगला असला तरी मत वाया जाईल ह्या भीतीने मतदार त्याच्याकडे पाठ फिरवतो. अमेरिकेत १९९२ साली रॉस पेरो ह्या स्वतंत्र उमेदवाराला शेकडा जवळजवळ एकोणीस मते पडली आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातले एकही मत हाती लागले नाही. तेथे दोन पक्ष आहेत. आपल्याकडे पक्ष पुष्कळ, पण निवडणुकीच्या दिवशी त्यांच्या दोन आघाड्या होतात आणि गावच्या पारावर तर त्यांची दोन घराणी होतात. मतदार मग ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून वीट उचलतो. वीट ही वीटच असते, हे त्याला कळत नाही असे कोणी समजू नये.

हे पूर्वीपासून असेच होते काय? नव्हते. तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, पण हैदराबाद राज्यात असताना, १९५२च्या पहिल्या निवडणुकीत, ह्या जिल्ह्याने काँग्रेसला बाजूला सारून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेत पाठवले. १९६७ साली तर बीडने क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून दिले. प्रतिसरकारचे हे सेनानी येडे मच्छिंद्रचे, म्हणजे कृष्णाकाठचे. ह्या जिल्ह्यात ना त्यांची जमीन, ना सोयरीक, ना साखर कारखाना. आणि पक्ष कोणता, तर कम्युनिस्ट! १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. मी काही त्या पक्षांचा अनुयायी नव्हे. सांगायचे एवढेच, की हा जिल्हा मराठवाड्यातला गरीब आणि दुष्काळी म्हणून ओळखला जात असतानाही माणूस पाहून मत देत असे, आणि त्याच्यापुढे पाहण्याजोगी माणसे ठेवलीही जात.

पुढे काय झाले? १९९६ साली श्रीमती रजनी पाटील भारतीय जनता पक्षाकडून निवडून आल्या. नंतर त्या काँग्रेसकडून राज्यसभेत गेल्या. श्री. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ साली भाजपचे खासदार होते, २००४ साली तेच राष्ट्रवादीचे खासदार झाले. ज्याने पक्ष पाहून मत दिले, त्याचा माणूस गेला. ज्याने माणूस पाहून दिले, त्याचा पक्ष गेला. बीड शहरात २०१९ साली काका आणि पुतण्या समोरासमोर उभे होते, आणि २०२४ साली चुलत भाऊ. परळीत २०१४ आणि २०१९ ह्या दोन्ही वेळा बहीण-भावांची झुंज झाली. २०१९च्या लोकसभेला श्री. धनंजय मुंडे श्री. सोनवणे यांच्यासाठी श्रीमती प्रीतम मुंडे यांच्याविरुद्ध प्रचार करीत होते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी दुभंगली, आणि २०२४ साली तेच श्रीमती पंकजा मुंडे यांच्यासाठी श्री. सोनवणे यांच्याविरुद्ध प्रचार करू लागले. ही सर्व मंडळी कर्तबगार आहेत, त्यांच्यापैकी कोणाचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यांनी पाच वर्षांत जी जागा बदलली, ती बदलण्यापूर्वी मतदाराला कोणी विचारले होते काय?

ह्यातून होणारी हानी केवळ मनस्तापाची नाही. अहिल्यानगर–बीड–परळी ह्या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. ह्या तीस वर्षांत ह्या जिल्ह्याने काँग्रेस, भाजप आणि राष्ट्रवादी ह्या सर्वांचे खासदार पाहिले, आणि प्रत्येकाच्या जाहीरनाम्यात रेल्वे होती. मतदाराने विलंबाचा जाब मागावा कोणाला? ह्यांना शिक्षा करावी तर त्यांना बक्षीस मिळते, आणि ते तरी कालपर्यंत ह्यांच्याच घरात होते.

आता कोणी म्हणेल, ‘नोटा’चे बटन आहे ना? त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण त्याविषयी गैरसमज फार. १९६१च्या निवडणूक नियमांत ४९-ओ हे कलम होते. मतदाराने केंद्रावर येऊन ‘मला मत द्यायचे नाही’ असे सांगितले, तर केंद्राध्यक्षाने नोंदवहीत तसा शेरा लिहून त्याची सही अथवा अंगठा घ्यावयाचा. केंद्राध्यक्ष म्हणून मी बऱ्याच निवडणुका केल्या. खोलीत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी गावातल्या सर्वांना नावाने ओळखणारे. त्यांच्यादेखत ‘मला तुम्ही दोघेही नकोत’ असे म्हणण्याचे धाडस कोण करणार? ज्याला संताप व्यक्त करायचाच असे, तो मतपत्रिकेच्या काळात दोन्ही चिन्हांवर शिक्का मारून मोकळा होई, आणि मोजणीच्या टेबलावर आम्ही ते मत बाद म्हणून बाजूला टाकीत असू. अडाण्याची चूक आणि शहाण्याचा निषेध ह्यांत फरक करण्याची सोयच नव्हती.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ह्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला, आणि गुप्तपणे नकार देण्यासाठी यंत्रावर शेवटचे बटन आले. परंतु लोकसभा आणि विधानसभेला ह्या बटनाला सर्वांत अधिक मते पडली, तरी त्याच्या खालोखाल असलेला उमेदवारच निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नागरी स्थानिक संस्थांपुरते एक पाऊल पुढे टाकले. तेथे ‘नोटा’ पहिला आला तर कोणालाही विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घ्यावयाची. मात्र फेरनिवडणुकीतही तेच घडले, तर ‘नोटा’ वगळून ज्याला अधिक मते तो निवडून येणार. नाकारलेल्या उमेदवाराला पुन्हा उभे राहण्याची बंदीही नाही.

आणि तरीही हे बटन अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या शेजारी, लातूर ग्रामीण मतदारसंघात, २०१९च्या विधानसभेला काय घडले ते पाहा. श्री. धीरज देशमुख यांना १,३५,००६ मते पडून ते विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर २७,५०० मतांसह ‘नोटा’ होता. शिवसेनेचे उमेदवार १३,५२४ मते घेऊन तिसरे. ती जागा युतीत शिवसेनेला सुटली, आणि तेथे पाच वर्षे राबलेले भाजपचे कार्यकर्ते नाराज झाले, हे त्याचे कारण तेव्हा सांगितले गेले. कोणी त्यात विजयी पक्षाचे कारस्थान पाहिले. काही असो, २०२४ साली ती जागा भाजपने लढवली आणि श्री. रमेश कराड यांनी श्री. देशमुख यांचा पराभव केला. वेगवेगळ्या गावी एकेकट्याने दिलेला नकार कोणी मोजीत नाही. सत्तावीस हजारांनी एका ठिकाणी दिलेला नकार वरिष्ठांनाही वाचावा लागतो. पण तोही मतदानाच्या दिवशी, म्हणजे फार उशिरा. खरी निवड होते ती उमेदवारी वाटपाच्या रात्री, मुंबईतल्या कोणत्या तरी बंगल्यात. आपण बोटाला शाई लावून घेतो, ती दुसऱ्याने केलेल्या निवडीवर.

बंधूंनो, त्या बंगल्यात कसला विचार होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मतदारसंघात कोणाची किती मते, कोणता समाज कोणाच्या पाठीशी, ह्याचाच. आणि तो हिशेब त्यांच्या हाती कोण देते? आपल्यासारख्या संस्था देतात. आपला समाज संख्येने लहान. ह्या गावात चार घरे, त्या गावात दहा. उमेदवारी मागण्याइतके आपण मोठे नाही, पण पाठिंब्याचे पत्रक काढण्यापुरते उपयोगी आहोत. म्हणून निवडणूक आली की आपली कार्यकारिणी बसते, दोन्हीकडची माणसे येऊन चहा घेऊन जातात, आणि ‘समस्त समाजाचा जाहीर पाठिंबा’ वृत्तपत्रात झळकतो. समस्त समाजाला कोणी विचारले होते? ज्या मुंबईच्या बंगल्याला आपण नावे ठेवतो, त्याचीच ही लहान आवृत्ती नव्हे काय? आपली स्मरणिकाही पाहा. शुभेच्छांच्या पानांवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे समोरासमोर. पुस्तक मिटले की त्यांची गळाभेट होते! (हशा)

हा विनोदाचा विषय राहिलेला नाही. २०२४च्या निवडणुकीत जिल्ह्याचे जातीवर दोन तट पडले. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दुकानातून सामान घेणे थांबवले. आपल्यासारख्या लहान समाजाच्या माणसाला भर बाजारात ‘तुम्ही कोणाकडचे?’ असे विचारले गेले. ज्या गावी आपली चार घरे आहेत, तेथे आपले पत्रक त्या चार घरांच्या दारावर चिकटते. पत्रक येथे शहरात बसून काढले जाते, त्याची किंमत तेथे मोजली जाते. उमेदवारी न मिळालेल्या समाजाने पाठिंब्याची जोखीम तेवढी का घ्यावी, हे मला कोणी समजावून सांगावे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. संस्थेने ह्यापुढे कोणत्याही निवडणुकीत कोणालाही पाठिंब्याचे पत्रक देऊ नये. त्याऐवजी उमेदवारी अर्ज भरण्यास आरंभ होण्याच्या महिनाभर आधी दोन्ही आघाड्यांच्या जिल्हाध्यक्षांना लेखी पत्र पाठवावे: आपण कोणाला उभे करणार, का करणार, आणि तो निवडून आल्यावर पक्ष सोडणार असेल तर प्रथम राजीनामा देईल काय? दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह कोणत्या गावी, कोणत्या तारखेला सुरू होणार, हेही विचारावे. जी उत्तरे येतील ती जशीच्या तशी सभेत वाचावीत. न आली तर ‘उत्तर नाही’ असे वाचावे. अपक्ष कोणी बरा माणूस उभा राहत असेल, तर त्याला दहा सूचक लागतात. ते मिळवून देण्यास कोणा सभासदाला आडकाठी नसावी. आणि स्मरणिकेत उमेदवारांची छायाचित्रे घेऊ नयेत. जाहिरातीचे उत्पन्न बुडेल, हे मला ठाऊक आहे. पहिली तूट भरून काढण्यासाठी माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम मी चिटणीसांकडे जमा करीत आहे.

कोणी म्हणेल, आपल्या मूठभरांच्या पत्राला कोण विचारतो? ६,५५३ मतांच्या फरकाने जेथे खासदार ठरतो, तेथे मूठभरांना विचारावे लागते. म्हणून तर ते चहाला येतात.

ही सूचना मी ठरावाच्या रूपाने लिहून आणली आहे. नियमाप्रमाणे तिला अनुमोदक लागतो. पुढल्या बैठकीपूर्वी कोणी सभासद, शक्यतो तरुण आणि शक्यतो भगिनींपैकी, सही करण्यास पुढे आल्यास मी आभारी होईन. कागद चिटणीसांच्या टेबलावर ठेवला आहे.